यादीत नसलेली ओळ

वंदनाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी महाप्याच्या ऑफिसात होते. एका रुग्णालयाच्या फायरवॉलवर नुकताच नवा नियम टाकला होता आणि दहा मिनिटांची मुदत चालू होती. तेवढ्यात सगळं तपासून 'हो' म्हणायचं. तसं म्हटलं नाही, तर यंत्रणा आपोआप जुन्या नियमांवर परत जाते. फोन तिच्या नवऱ्याचा, संजयभाऊजींचा. "सुजाता, वंदना गेली... चहा ठेवला आणि तिथंच ओट्याशी खाली बसली." पुढचं मला ऐकू आलं नाही. स्क्रीनवरचे सेकंद उतरत शून्यावर आले, नियम मागे फिरला. कोणाचं काही बिघडलं नाही. रडू येण्याआधी मला जे वाटलं, ते लिहायला लाज वाटते... मला भीती वाटली. आता माझी फाइल कोण वाचणार?

पाच आठवडे झाले, ती भीती गेलेली नाही.

वंदनाताई ऑफिसात मला सीनियर, दिघ्यात वाढलेली. आईवडील मंडणगडकडच्या खेड्यातून आलेले. वडील इकडच्याच एका केमिकल कंपनीत कामाला होते. एकदा गळती झाली तेव्हा ते आत होते. वाचले, पण पुढं आयुष्यभर जिना चढताना चार पायऱ्यांवर थांबायचे. "सगळे एकच सांगत होते," ती एकदा डबा खाताना म्हणाली, "मीटर तर नॉर्मल दाखवत होता." एवढंच बोलली आणि डब्याचं झाकण लावलं. मीही विचारलं नाही. मला वाटलं, जुनी गोष्ट आहे.

आमचं काम कारखान्यांचं, रुग्णालयांचं नेटवर्क सांभाळायचं. फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारा. कोणता संदेश आत सोडायचा, कोणता अडवायचा, याचे नियम त्यात असतात. आधी आम्ही प्रत्येक ठिकाणचे नियम हातानं टाकायचो. मग ऑफिसनं एक टूल आणलं. सगळे नियम एका फाइलमध्ये लिहायचे, एक कमांड द्यायची, की चाळीस ठिकाणी एका दमात लागू. सगळे खूश. वंदनाताईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "फाइलमध्ये नाही ते हे ठेवतं की पुसतं?" मॅनेजर हसले. "पुसतं. म्हणूनच तर साफसूफ राहतं." ती हसली नाही.

ज्या दुपारी ते पुसणं आमच्या अंगाशी आलं, त्या दुपारी फाइल मी लिहिली होती. आधी काय बदलणार त्याची नुसती यादी दाखव, प्रत्यक्ष काही करू नकोस, असं टूलला सांगता येत होतं. मी ती यादी मागितली, भराभर खाली सरकवली आणि जेवणाआधी संपवायचं म्हणून कमांड दिली. दोन मिनिटांत तळोज्याच्या एका कारखान्याशी आमचा संपर्क तुटला. आत शिरायची आमची स्वतःची वाटच मी बंद केली होती. मी यादी परत काढली. पुसलेल्या ओळींत आणखी एक ओळ होती, वर्षांपूर्वी कोणीतरी हातानं टाकलेली. कारखान्यातले गॅस मोजणारे सेन्सर जे आकडे कंट्रोल रूमला पाठवतात, ते त्या ओळीच्या परवानगीनं जात होते.

वंदनाताई मागं येऊन उभी राहिली, ओळ वाचली आणि तिचा हात सरळ फोनकडं गेला.

"थांब," मॅनेजर म्हणाले. "पाच मिनिटं दे. आपण बघू, मग क्लायंटला कळवू."

"सर, त्यांच्या स्क्रीनवर जुना आकडा गोठून बसला असेल. त्यांना तो खरा वाटतोय."

"अगं, तिथं भोंगे आहेत ना!"

"ते वाजतीलच, हे तुम्ही लिहून देता?"

तिनं नंबर लावला. पलीकडं नावड्याचे म्हात्रे म्हणून ऑपरेटर होते. "स्क्रीनवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका," ती म्हणाली. "प्लँट थांबवा, माणसं बाहेर काढा आणि हातातल्या मीटरनं मोजा. हो, माझं नाव लिहून घ्या. वंदना जाधव." आवाज शांत होता. पण फोनची वायर तिनं बोटाला इतकी आवळली होती, की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

आम्ही लॅपटॉप आणि केबल घेऊन गाडीनं निघालो. मी खिडकीची काच खाली केली आणि वाऱ्यावर कसला वास येतोय का, ते हुंगत राहिले. गेटबाहेर दोनशे-अडीचशे माणसं झाडाखाली उभी होती, कोणी तंबाखू मळत, कोणी घरी फोन करत. ती सगळी उभी होती, बोलत होती. गळती झालेली नव्हती. केबल जोडून ती ओळ परत टाकायला आम्हाला वीस मिनिटं लागली.

त्यांचं दिवसभराचं उत्पादन बुडालं आणि आमच्यावर सगळे तुटून पडले. काहीच झालं नव्हतं, मग प्लँट कशाला थांबवला, असंही विचारलं गेलं. खुलाशात तिनं लिहिलं, "फाइल सुजातानं लिहिली, मी वाचली नाही. चूक दोघींची." वाचायला ती फाइल तिच्याकडं गेलीच नव्हती, हे मला माहीत होतं. मी गप्प बसले. ते अजून टोचतं.

त्यानंतर तिनं कामाची रीत बसवली. पुसल्या जाणाऱ्या ओळी दुसऱ्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायच्या. आपली आत जायची वाट आधी पक्की करायची. एका ठिकाणी चालवून बघितल्याशिवाय चाळीस ठिकाणी नाही. आणि ती दहा मिनिटांची मुदत, तीही तिचीच. "इतकी काय भीती?" मी एकदा म्हटलं. "भीती गेली की मला कळव," ती म्हणाली, "तुझ्याकडून काम काढून घेते."

गेल्या आठवड्यात त्याच कारखान्याचे नियम बदलायचे आले. फाइल उघडली, तर सेन्सरच्या ओळीवर तिनं टीप लिहून ठेवलेली: 'हात लावण्याआधी म्हात्रेंना फोन.' खाली नंबर. मी लावला.

"कोन बोलतंय? वंदना मॅडम नाय काय?"

मला सांगावं लागलं. म्हात्रे म्हणाले, "दर येलेला त्या फोन करायच्या. काका, सेन्सरपाशी मानूस पाठवा, आकडा हलतंय का बघून सांगा, मंगच मी हो म्हनीन, असा बोलायच्या." मग त्यांनी विचारलं, "आता तुमी करनार ना फोन?"

"करीन."

मी पुसल्या जाणाऱ्या ओळी शेजारच्या टेबलावरच्या फर्नांडिसला मोठ्यानं वाचून दाखवल्या. दोनच होत्या, दोन्ही आता वापरात नसलेल्या. मग कमांड दिली. दहा मिनिटं सुरू झाली. फोन कानाला तसाच होता. म्हात्रे वॉकीटॉकीवर कोणाला तरी ओरडून सांगत होते. चार मिनिटं गेली, पाच गेली...

"हलतंय," म्हात्रे म्हणाले. "आकडा हलतंय, मॅडम."

मी त्यांना आणखी एकदा बघायला सांगितलं.