बाचा कोयता आणि उत्तरेची सुई

आमच्याकडे घरचा तांदूळ होळीपर्यंत पुरायचा. पुढे नाचणीची आंबील, कधी नुसती पेज. बा उन्हाळाभर डोक्यावर ओझी घेऊन माथेरान चढायचा, तिथल्या हॉटेलांचं सामान पोचवायला. मला कॉलेजात घातली तेव्हा भावकीतले म्हणाले, "पोरीला काय सायबीण करतोस रं?" बा म्हणाला, "हां, करतो की."

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी सरांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाचं काम दिलं. सुई खऱ्या उत्तरेपासून किती बाजूला सरते तो दिक्पात. मोकळी टांगली तर नाक किती खाली घालते ती नती. आणि तिला उत्तरेकडे खेचणारा आडवा जोर. हे मोजायचं. आकडे जुळले तर वेधशाळेतल्या जागेसाठी सर माझं नाव सुचवणार होते. मोजायची जागा मीच दाखवली: खालापूरच्या वाटेवरचं आमचं कापलेलं शेत, रेल्वेच्या रुळांपासून लांब.

लोखंडाने सुई बहकते, म्हणून सरांनी घड्याळ लांब उभ्या जीपमध्ये ठेवलं. मी केसांतले आकडे काढले, बांगडीतल्या पिनाही. तंबूत सुई टांगली की मी हरवून जायची. सकाळी ती केसभर पूर्वेला कलायची, दुपारी पश्चिमेला, सांज होता होता जागेवर. आमची गुरं जशी कुणी न हाकलता चरून परत येतात, तशी. वाटायचं, ऊन वर आभाळाला हात लावतंय आणि खाली आमच्या शेतात हिला कळतंय. ती ओढ ढेकळांतून, बैलांतून, माझ्यातूनही चाललीय, आणि आम्ही आपले कांदा-भाकर खातोय.

पण मधेच सुई भलतीकडे जायची. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा सर वैतागले. "खालचा काळा खडकच खोडकर आहे. शेत सोडावं लागेल."

बाहेर तंबूला टेकून बसलेल्या बाचा आवाज आला, "माज्या शेताला नावं ठेवू नका, सायेब!"

मी भिंगातून बघतच होते. तो पाणी आणायला उठला, आणि सुई सावकाश जागेवर आली. परत येऊन तंबूला टेकला, की गेली. मी बाहेर धावले. बाच्या पाठीशी, कमरेच्या लाकडी आकडीत कोयता.

"बा, लोखंड लांब ठेव म्हटलं होतं ना?"

"ठेवलं की. फाळ, पहार, समदं घरी हाय."

"आणि हा?"

बाने मागे हात लावला. "ह्याला काय लोखंड म्हनत्यात गं? ह्यो माज्या अंगाचाच हाय."

सर हसत सुटले. "काका, अंगाचा तेवढा भाग आंब्याला टांगता का?"

"टांगतो. पन आदी शेताची माफी मागा."

सरांनी हात जोडून मागितली. त्या दिवसापासून बाचा हात सारखा रिकाम्या कमरेकडे जायचा, आणि सुई आपल्या चालीने चालायची. आकडे जुळले.

सुई दाखवते ती उत्तरही वर्षानुवर्षं हळूहळू सरकते, म्हणून त्याच जागी पुन्हा मोजावं लागतं. पुढे काही वर्षांनी मी वेधशाळेची उपकरणं घेऊन त्या शेतात परत गेले, तेव्हा कोयता आधीच आंब्याला टांगलेला होता. सुई पूर्वीच्या जागेपासून किंचित सरकली होती. बा तंबूला टेकून बसला होता.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. त्या शेतातल्या पहिल्या आकड्यांवरच मला वेधशाळेत निरीक्षकाची जागा मिळाली होती.