गेलेल्या घराचा नारळ

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही, हे आधीच सांगते. माझ्या नणंदेला प्रत्येक फणसाखाली कोणीतरी उभं दिसतं. मला आजवर फणसाखाली फणसच दिसला. तुम्हा मंडळींचे इथले असले अनुभव दुपारच्या चहाबरोबर वाचते, हसते, आणि भांडी घासायला उठते. आता माझ्यावर हसायची पाळी तुमची... हसा.

गाव रत्नागिरी तालुक्यातलं, पूर्णगडच्या खाडीपासून आत, कातळ चढून गेल्यावर. खरं नाव सांगत नाही, फणसखोल म्हणू. तिथं आम्ही जांभ्या चिऱ्याचं दोन खोल्यांचं घर बांधलं. आमचे हे जन्मभर मुंबईच्या बंदरावर लाँचींची इंजिनं दुरुस्त करत होते. हात थकले तेव्हा म्हणाले, "आता गावाला जायचं." मी म्हटलं, कुठलं गाव? तुमचा जन्म मुंबईतला, तुमचे वडील कडेवर असताना गावाहून आणलेले. गावात आपल्याला ओळखतो कोण?

कोणीच ओळखत नव्हतं, तेच तर दुखणं.

आमचं आडनाव फणसखोलकर. मुंबईत छान वाटतं. पण फणसखोलात कोण फणसखोलकर असणार? यांच्या आजोबांना मुंबईच्या गिरणीत नाव विचारलं, त्यांनी गावाचं सांगितलं, तेच चिकटलं. मूळ आडनाव काय होतं, ते त्यांच्याबरोबर गेलं. कोकणातल्या किती घरांनी ही चूक केली असेल, देव जाणे.

आता नारळाचं सांगते. गाव वसवणारं पहिलं घर खाडीतून होडीने आलं, झऱ्याकाठी त्यांनी पहिली चूल पेटवली, बाकीचे मागून आले, असं तिथं सगळे मानतात. ते घर पुढे एका वाईट सालात मुंबईला गेलं ते परत आलंच नाही. पण शिमग्याला देवाची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या दगडी चौथऱ्यावर, बसली, की पहिला नारळ अजून त्याच घराच्या नावाने ठेवतात. उचलायला कोणी नसतं. संध्याकाळी तो पाण्यात सोडतात. त्याला म्हणतातच 'गेलेल्या घराचा नारळ'.

यांचे वडील यांना लहानपणी एवढंच म्हणायचे, "आपला नारळ आहे रे तिकडे." बस्स. त्या एका वाक्यावर यांनी म्हातारपणी घर बांधलं.

मग तो नारळ आपलाच, याच्या पुराव्याचा शोध सुरू झाला. म्हातारी माणसं गाठली, सरकारी कचेऱ्यांत खेटे घातले, मुंबईत चाळीतल्या जुन्या शेजाऱ्यांना फोन लावले. हाती काही नाही. आणि जोवर गावाला ओळख पटत नाही तोवर पालखी आमच्या अंगणात येणार नाही. पालखी गावघरांतच, म्हणजे गावच्या मूळ घरांतच, फिरते. आमच्या फाटकासमोरून ढोल वाजत पुढे जायची आणि हे सारवलेल्या अंगणात हात जोडून उभे. दर वर्षी मी म्हणायचे, "अंगण सारवायचं तुम्ही मला सांगता, पालखीला कोणी सांगत नाही." हे हसायचे. पण त्या दिवशी जेवायचे नाहीत.

त्यातच यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिलं फक्त "आं... आं". पाणी हवं तरी आं, टीव्ही बंद कर तरी आं. रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले, आजी, आता बोलणं येईल ही आशा धरू नका. मी धरली नाही. एकच वाटायचं, या माणसाने जायच्या आधी एकदा पालखी अंगणात बघावी.

गेल्या शिमग्याच्या आधी मी आणि माझा मुलगा संतोष दाजींकडे गेलो. दाजी म्हणजे गावकार, गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारे. माणूस सरळ.

"वैनी, माझ्या एकट्याच्या हातात असतं ना, तर परवाच आनली असती पालखी," दाजी म्हणाले. "पन उद्या पनवेलवरून कोन तरी येल नि बोलंल, मी पन पयल्या घराचा. कायतरी खूण पायजे."

"खूण कसली हो? माणूस बोलत नाही, खूण कुठून देणार?" संतोष चिडला.

"तू गप रे," मी म्हटलं.

दाजींनी तेव्हा एक गोष्ट सांगितली, ती आम्हाला नवीन होती. गाऱ्हाण्याचा शेवटचा बोल त्या पहिल्या घराने बोलायचा असे. ते गेले, बोलही गेला. "आमच्या बापालाबी म्हाईत नव्हता. तितं आलो की आमी गप रावतो. मग नारळ ठेवतो." मग आतून चहा आला आणि दाजी म्हणाले, "दादांना घेऊन या सहाणेवर. बघायला कोनाची ना नाय."

शिमग्याची सकाळ. लख्ख ऊन. रात्र, अमावास्या असलं काही नाही, हे लक्षात घ्या. संतोषने यांना गाडीतून आणलं, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून सहाणेच्या कडेला सावलीत ठेवलं. मी टॉवेलने यांची लाळ पुसत होते. ढोल थांबले. दाजींनी गाऱ्हाणं सुरू केलं, "बा महाराजा, शिवेवरच्या राखनदारा..." आणि प्रत्येक बोलामागे सगळा गाव, "व्हय महाराजा".

मग ती जागा आली. दाजी गप्प. सगळा गाव गप्प. माझा हात यांच्या हनुवटीवर होता आणि मला ती हनुवटी हललेली कळली.

"झऱ्याच्या डाव्या अंगाला मांडलेल्या पहिल्या चुलीच्या तीन दगडांनो, इस्तव राखा, पानी राखा, ऱ्हायलेल्यांना राखा नि गेलेल्यांना वाट दावा."

आवाज यांचाच. अंगात आल्यासारखं काही नाही, डोळे फिरले नाहीत, घुमणं नाही. रेशनच्या दुकानात नंबर विचारावा तसे बोलले. फक्त उच्चार गावचे होते – आणि हा माणूस जन्मभर मुंबईचं मराठी बोललेला.

मागून एका म्हातारीने बारीक आवाजात "व्हय महाराजा" म्हटलं आणि मग सगळ्यांनी म्हटलं. माझ्या हातातला टॉवेल कुठे पडला, मला माहीत नाही.

दाजी यांच्यापुढे येऊन बसले. "दादा, परत बोला."

"आं," हे म्हणाले.

झरा सहाणेच्या खालच्या अंगाला आहे. त्याच्या डाव्या बाजूला निव्वळ माती आणि करवंदीची जाळी. तिथं दगड कोणी कधी पाहिला नव्हता. चार बाप्ये कोयत्या-कुदळी घेऊन उतरले. आम्ही वर थांबलो. संतोष सारखा म्हणत होता, "आई, नाही मिळालं तर यांचं काय होईल?" मलाही तेच वाटत होतं.

गुडघाभर खणल्यावर कुदळ खणकन वाजली. तीन काळे दगड. कातळ तांबडा आणि हे काळे, घडीव, खाडीकडून आणलेले. चुलीला मांडतात तसेच तोंडाला तोंड करून. आतली बाजू जळून तडकलेली.

दाजी वर आले, पाय मातीने भरलेले. सहाणेवरचा नारळ उचलला आणि यांच्या डाव्या हातात दिला. म्हणाले, "लय वर्सं पान्यात टाकला आमी तुमचा नारळ. राग धरू नका."

त्या दिवशी पालखी सगळ्यांत आधी आमच्या अंगणात आली. सारवलेलं होतंच. हे रडतील असं मला वाटलेलं... छे, रडले मीच. हे मात्र चांगले जेवले.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, असं होतं कधीकधी, वाचा गेलेला माणूस लहानपणी पाठ केलेलं एखादं गाणं अचानक म्हणतो. मी म्हटलं, "पण पाठ केलेलं असावं लागतं ना?" ते म्हणाले, "हो, ते तर लागतंच." नणंदेला विचारलं. ती यांची थोरली बहीण, एका घरात वाढलेली. ती म्हणाली, "आपल्याकडे गाऱ्हाणं? अगं, आमच्या बाबांना आरती धड येत नव्हती." तिला झाडाखाली माणसं दिसतात, पण हे कुठून आलं ते तिलाही सांगता येत नाही. आणि दगड तर मातीखाली होते. कोणी पाहणार कसे?

त्यानंतर हे एकही शब्द बोललेले नाहीत. मीही विचारणं सोडलं. पण रात्रभर कुशी बदलायचे, ते थांबलं. आता घोरतात. त्या घोरण्याने माझी झोप मोडते आणि मला बरं वाटतं.

नारळाचं काय करावं हा प्रश्नच होता. त्या नारळाचं काय करायचं असतं ते सांगणारं कोणी जिवंत नव्हतं. देव्हाऱ्यात ठेवला, तर हे देव्हाऱ्याकडे बघून आं आं करायला लागले. स्वयंपाकघराकडे हात दाखवायला लागले. मग मीच ठरवलं. फोडला, खवला, रस काढला, आणि आमसुलं घालून सोलकढी केली. दोन वाट्या प्यायले. तिसरी मागितली, आं म्हणून.