इंदूताईंचं अस्वल

बारनवापाराच्या जंगलात जिप्सीसमोरून अस्वल गेलं, तेव्हा इंदूताई पोहनकरांचा मोबाइल पिशवीच्या तळाशी, पुऱ्यांच्या डब्याखाली होता. म्हणून त्यांना अस्वल दिसलं. बाकीचे मोबाइलच चाचपत राहिले. त्यांचे यजमान वासुदेवराव यांना कॅमेऱ्याचं बटण सापडेना, जावई परागनं घाईत स्वतःचाच चेहरा टिपला आणि क्षमाच्या व्हिडिओत नुसती धूळ आली.

"कसं होतं गं आई?" परतताना क्षमानं विचारलं.

इंदूताई सांगू लागल्या. काळं होतं, झिपरं होतं, घरच्या अंगणातून जावं तसं आरामात चाललं होतं. झाडीत शिरण्याआधी त्यानं वळून पाहिलं. पण ते पाहणं काही केल्या शब्दांत येईना.

"थांब, काढूनच दाखवते."

बँकेतून निवृत्त झालेल्या या बाईंनी रांगोळीपलीकडे आजवर काही काढलं नव्हतं. रायपूरला, पुरानी बस्तीतल्या घरी पोचताच त्यांनी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर अस्वल उतरवलं. वासुदेवरावांनी चष्मा लावून ते नीट निरखलं.

"डुक्कर मस्त जमलं तुले."

दुसऱ्याच आठवड्यात इंदूताई समता कॉलोनीतल्या ड्रॉइंग क्लासात शाळकरी मुलांमध्ये जाऊन बसल्या. शिकवणारे अनिमेष सर त्यांच्या मुलीपेक्षाही लहान.

"आंटी, क्या सीखेंगी? फूल? सीनरी?"

"भालू," इंदूताई म्हणाल्या.

सर हसले, पण नाही म्हणाले नाहीत. इंदूताईंनी मोबाइलवर शोधलेला अस्वलाचा एक फोटो समोर ठेवून तासभर एकेक केस कोरला. अस्वलाचा नारळ झाला.

"बाल सबसे आखिर में," सर म्हणाले. "पहले वज़न देखिए. उसका बोझ किस पैर पर है?"

आता फोटोतल्या जनावराचं वजन कसं पाहायचं? इंदूताई विचार करत घरी आल्या, जेवणं आटोपली, आणि वासुदेवराव दिवाणावर कुशीवर घोरू लागले. खांदा वर उचललेला, पोट गादीवर सांडलेलं, सगळा भार एका बाजूला. इंदूताई पाहतच राहिल्या. मग हळूच पेन्सिल घेतली. छातीला एक मोठं अंडं, पोटाला त्याहून मोठं, मानेला दोन रेघा. प्रथमच कागदावर काहीतरी जड आलं.

मग रोज दुपारी हेच. एक दिवस वासुदेवरावांना मध्येच जाग आली.

"काहून पाहून राहिली माह्याकडे अशी?"

"हलू नका, खांदा बिघडते."

ते उठलेच. वही पाहिली. "हे मी हाय का अस्वल?"

"अजून ठरलं नाही."

 दुसऱ्या दिवशी वासुदेवराव दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पोट आत ओढून दिवाणावर ताठ आडवे झाले. इंदूताईंना त्या दुपारी काहीच काढता आलं नाही.

पावसाळा सरता सरता खरं अस्वल काढायला घेतलं. पुढच्या पायावर भार, डोक्याहून उंच खांदा. मग मऊ, काळ्या पेन्सिलीनं केस. खांद्यावरून खाली, पोटाशी लांब. तोंडाकडचा फिकट भाग जवळपास कोराच ठेवला. शेवटी डोळा. तिथं कागदाचा एक पांढरा ठिपका सोडला आणि त्यांचा हात थांबला. ते पाहत होतं. जंगलात पाहिलं होतं, अगदी तसंच.

रविवारी क्षमा आणि पराग आले. क्षमानं चित्र खिडकीशी नेऊन उजेडात धरलं.

"हो आई," ती म्हणाली, "अस्संच वळून पाहिलं होतं त्यानं!"

"बिलकुल ऐसे ही," पराग म्हणाला. वासुदेवराव तर म्हणाले, "मीच तर दाखवलं होतं तुम्हाले!"

इंदूताईंनी तिघांकडे पाहिलं, आणि आतून भरून येत असतानाच त्यांना हसूही फुटलं. त्यांनी कोणाला दुरुस्त केलं नाही.

सध्या चितळ चालू आहे. त्याचे काडीसारखे पाय काही जमत नाहीत, आणि त्यासाठी घरात कोणी उपयोगाचं नाही. म्हणून दोघं नवा रायपूरच्या जंगल सफारी नावाच्या प्राणिसंग्रहालयात जातात. इंदूताई कुंपणाशी वही उघडून बसतात, आणि चितळ हललं की वासुदेवराव त्याला दटावतात, "अबे, जरा उभा राय ना! बाई काम करून राहिली."