अध्यक्षांच्या हातचा चहा

उल्हासनगरपासून वांगणीपर्यंतच्या पट्ट्यात माझ्या थोरल्या जाऊबाईंइतकं मनापासून रागावणारं माणूस दुसरं सापडायचं नाही. लोक सकाळी उठून देवाचं नाव घेतात, जाऊबाई नळाला पाणी सोडणाऱ्याचं घेतात, तेही इथे लिहिता येणार नाही अशा विशेषणांसकट. शेअर रिक्षात एक गिऱ्हाईक जास्त कोंबलं की भाडं रिक्षावाल्याच्या हातावर ठेवून खाली उतरतात, "तुझ्या आईला बसवशील का असं?" विचारतात आणि भर उन्हात चालू लागतात. एकदा उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये दुकानदाराने माझ्यासाठीची साडी माझ्या नवऱ्यासमोर उलगडली आणि "साहेब, पसंत है?" विचारलं. जाऊबाई त्याच्या गादीवर मांडी ठोकून बसल्या. "आता साहेबांनाच नेसवून दाखव!" बिचारा "अरे दीदी, अरे दीदी" करत सरबत मागवायला धावला. माझा नवरा त्यानंतर आमच्याबरोबर खरेदीला आलेला नाही. घरी आल्यावर उरलेला राग तांब्याची भांडी घासून काढतात. पाहुणे त्या लखलखाटाचं कौतुक करतात, तेव्हा आम्ही घरची माणसं गप्प बसतो.

पण त्यांचा खरा, ठेवणीतला राग मोरिवलीतल्या आमच्या सेवा संस्थेसाठी राखीव. कारखान्यात जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी संस्था पाळणाघर चालवते. म्हणजे जाऊबाई चालवतात. जागा त्यांनी मिळवली, झोळ्या त्यांनी शिवल्या, आम्हा बायकांना घराघरातून ओढून सभासद त्यांनी केलं. अध्यक्ष मात्र कायम पुरुष. महिला दिनाला व्यासपीठावर बसून महिलांच्या नेतृत्वावर बोलणार पुरुष, आणि शाल-श्रीफळाचं तबक धरून कोपऱ्यात उभ्या बायका. एका वर्षी जाऊबाईंनी ते तबक वक्त्याच्या मांडीवरच ठेवलं. "धरा. तुमचे हात रिकामेच आहेत."

अध्यक्षाची निवड कशी व्हायची तेही सांगते. वार्षिक सभेत तो विषय आला की कोणीतरी "चहाचं बघा जरा" म्हणायचं. आम्ही सगळ्या आत जायचो आणि कप घेऊन बाहेर येईपर्यंत तेच गृहस्थ सर्वानुमते पुन्हा निवडून आलेले असायचे! चीड येते आता लिहितानासुद्धा.

गेल्या वर्षी मोरिवलीतलीच एक तरुण आई जाऊबाईंसमोर रडायला लागली. ती कॅम्प तीनमध्ये जीन्सचे धागे कापायला जाते. "ताई, सेठ सातच्या आधी सोडतच नाय. पाळणाघर साडेसहाला बंद. मी बच्चीला ठेवू कुठं?" जाऊबाई तडक अध्यक्षांकडे गेल्या आणि आठपर्यंतची वेळ मागितली. मी बरोबर होते. अध्यक्ष हसून म्हणाले, "ताई, अशाने आयांना सवय लागेल." सवय! दिवसभर उभं राहून धागे कापायची सवय लागलेली चालते, पोर घटकाभर सुरक्षित राहण्याची चालत नाही. उंबरठ्यातच जाऊबाई मला म्हणाल्या, "यंदा अध्यक्ष मी होणार."

सभेत एकीनेही जागा सोडायची नाही, अशी आम्हाला ताकीद होती. विषय आला. "चहाचं बघा जरा," झालं. कोणी हललं नाही. अध्यक्षांनी घसा खाकरून पुन्हा सांगितलं. एक काका आत डोकावले आणि शेगडी बघून घाबरल्यासारखे परत आले. मग अध्यक्षांनी आवाजात साखर घातली. "ताई, तुम्ही तर संस्थेच्या आई. आईने कशाला पदाच्या भानगडीत पडायचं?"

"मी तुमची आई नाही. सभासद आहे. हात वर करायला सांगा."

हात वर झाले. जाऊबाई निवडून आल्या. माझे तळवे लाल होईपर्यंत मी टाळ्या वाजवल्या. मावळत्या अध्यक्षांनी उठून नमस्कार केला, "आता नव्या अध्यक्षांच्या हातचा चहा झालाच पाहिजे!" म्हणाले, आणि आम्ही सगळ्या हसत, एकमेकींना मिठ्या मारत आत गेलो. सगळ्यांत पुढे जाऊबाई.

ट्रे घेऊन बाहेर आलो तोवर ठराव मंजूर झाला होता. सर्वानुमते. अध्यक्षांच्या मदतीला मार्गदर्शक मंडळ. त्याच्या संमतीशिवाय पाळणाघराच्या वेळेसकट काहीही बदलायचं नाही. मंडळात हेच सगळे पुरुष. "तुमच्यावर भार नको, ताई," म्हणत त्या मावळत्या अध्यक्षाने पहिला कप उचलला आणि वर चहातल्या आल्याची तारीफ केली. नालायक लोक! तो ट्रे त्यांच्या डोक्यावर ओतावासा वाटला मला. जाऊबाईंनी मात्र उरलेले कप वाटले आणि रिकामा ट्रे आत नेऊन ठेवला. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "पुढची सभा आता वर्षाने. मी आलं किसत होते गं तेव्हा. इतक्या खुशीत किसत होते."

मार्गदर्शक मंडळाची बैठक अजून भरलेली नाही. पाळणाघराला साडेसहाला कुलूप लागतं आणि आमच्या अध्यक्ष मागे राहिलेल्या पोरांना घेऊन बाहेर पायरीवर बसतात, शेवटची आई धापा टाकत येईपर्यंत. परवा मीही जाऊन बसले. "ताई, अहो, रागवा ना कोणावर तरी," मी म्हटलं. त्यांनी मांडीवरच्या पोरीवर पदर ओढला.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."