मॅडमच्या अकरा बाटल्या

“त्याईले हवा म्हनजे जहर हाय!” असं म्हणत मॅडम टेबलावर अशी मूठ आदळायच्या की परीक्षानळ्या थरथरायच्या. अकोटच्या कॉलेजात त्या तासिकेवर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या आणि मी प्रयोगशाळेतला मदतनीस. खडू मोडला तरी डस्टर भिंतीवर जायचं. असं एखादं माणूस तुमच्याही पाहण्यात असेलच.

त्यांचा जीव अकरा बाटल्यांत होता. अरबी समुद्रात खोलवर पाण्याचा एक थर आहे, तिथे प्राणवायू जवळजवळ नाहीच. तिथले सूक्ष्मजीव पाण्यात विरघळलेल्या नत्राचा वायू करून सोडून देतात. मॅडमनी जहाजावर जाऊन ते पाणी या बाटल्यांत भरून आणलं होतं. “दोनाचे चार व्हायले पंधरा दिवस लागतात त्याईले,” त्या सांगायच्या. तीन वर्षं त्यांनी ते जीव पोटच्या पोरासारखे वाढवले. त्यावर त्यांची पीएचडी ठरणार होती, आणि पीएचडीवर कायमची नोकरी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा मांडतो. मी सूक्ष्मदर्शक पुसले, तराजू पुसला. बाटल्यांची रबरी बुचं काळी पडली होती. म्हटलं, देवापुढे घाण कशाला? एकेक बूच काढलं, साबणाने धुतलं, परत बसवलं, वर हळदकुंकू. हवा नको हे मला पाठ होतं, पण देवाच्या कामाला एवढं चालतं असं वाटलं. कपाळ माझं!

मॅडम प्रसादाला आल्या.

“हे बुचं कोनं काढले?”

“मी, मॅडम. धुतली ना.”

हातातलं स्टीलचं ताट त्यांनी माझ्या कानशिलात हाणलं. मी खाली पडलो. मग त्या एकेक बाटली उचलून फरशीवर आपटू लागल्या. “मेले! सारे मेले!” काच तळव्यात घुसली, रक्त ओघळत होतं, तरी थांबेनात. अकरावी फुटल्यावर काचांतच बसल्या आणि हमसून रडल्या. मार मी खाल्ला होता, पण मला रडू आलं ते त्यांच्यासाठी.

डावा कान कायमचा गेला. प्राचार्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, दार लागलं. मॅडम शेजारीच उभ्या होत्या, हाताला पट्टी.

“काहून खोटं बोलून राहिले, भाऊ?” त्या मला म्हणाल्या आणि प्राचार्यांकडे वळल्या. “म्याच मारलं याईले.”

त्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला.

पुढे एकदाच दिसल्या, अकोल्याच्या एसटी स्टँडवर. माझ्या डावीकडे बाक मोकळं होतं. पण त्या गर्दीतून वळसा घालून उजव्या बाजूला आल्या आणि पातूरची गाडी लागेपर्यंत तिथेच उभ्याने बोलत राहिल्या.