मिस, हे खोटं आहे का?

वहिनींनी कागद माझ्या अंगावर फेकला. तो खाली पडला. मी वाकून उचलला. प्रिन्सिपल खिडकीबाहेर बघत राहिले.

"तुला इथे कोणी लावलं?" वहिनींनी विचारलं.

"तुमी."

"तुम्ही. नीट मराठी तरी बोल. शिक्षिका म्हणवतेस."

मी पुन्हा म्हटलं, "तुम्ही." अठ्ठावीस वर्षांची मी, बी.एड. झालेली. उच्चार दुरुस्त करून उभी राहिले. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बस, असं कोणी म्हटलं नाही.

वहिनी पुण्याच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे मैसूरला आल्या. जयलक्ष्मीपुरमला त्यांचं घर, आणि त्या घरात माझी आई पंधरा वर्षं भांडी घासते. आम्ही इथलेच, जुने. आजोबा चपला शिवायचे. आमच्या मराठीत अर्धं कन्नड, आणि आमची जात सगळ्यांना ठाऊक. बोगादीच्या या शाळेच्या कमिटीवर वहिनी आहेत. त्यांनी शब्द टाकला म्हणून मला आठवीला इंग्रजी लेखन शिकवायची नोकरी लागली. तो शब्द त्या कधी विसरल्या नाहीत. आईलाही विसरू दिला नाही.

कागदावर त्यांच्या मुलीचा, अनन्याचा निबंध होता.

मी मुलांना निबंध पाठ करायला लावत नाही. आधी वर्गात हातात एक वस्तू देते. लिंबू, कुलूप, काहीही. 'सुंदर' हा शब्द न वापरता पाच ओळी लिहायच्या. मग बाहेर पाठवते. या वेळी सांगितलं होतं, घरी नाहीतर गल्लीत कोणी काम करत असेल त्याच्याजवळ अर्धा तास बसा. दिसलं ते टिपा. ऐकलं ते टिपा. नंतर कॉम्प्युटरच्या खोलीत टाईप करायचं आणि पडद्यावर सगळ्यांनी मिळून सुधारायचं.

अनन्या माझ्या आईजवळ बसली होती. तिनं लिहिलं होतं: 'मावशी मागच्या दाराने येतात. त्यांचा पेला बाहेरच्या नळाजवळ पालथा असतो. लहानपणी मी त्यातून एकदा पाणी प्याले. आईने मला तीनदा चूळ भरायला लावली.'

तो पेला मला माहीत होता. शाळेच्या सुट्टीत आईच्या मदतीला जायचे तेव्हा मीही त्यातूनच प्यायचे.

"हे काढून टाका," प्रिन्सिपल इंग्रजीत म्हणाले. "तिच्याकडून दुसरं काहीतरी लिहून घ्या. पालक वाचतात हे."

मी म्हटलं, "येस सर."

पुढचा तास कॉम्प्युटरच्या खोलीत होता. अनन्याच्या शेजारी बसले. फाईल उघडली. त्या चार ओळी निवडल्या आणि पुसल्या. क्षणभरही थांबले नाही. त्याचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

अनन्या हळूच म्हणाली, "मिस, हे खोटं आहे का?"

"नाही."

"मग?"

तेरा वर्षांची पोर. पाहिलं ते लिही, असं मीच तिला सांगितलं होतं. आई गप्प राहिली, मी गप्प राहिले. आता तिला गप्प राहायला शिकवत होते. त्याचाच पगार घेत होते.

मी ओळी परत आणल्या. पडद्यावर लावल्या. उभी राहिले आणि वर्गाला सांगितलं, "हिनं जिच्याबद्दल लिहिलंय ती माझी आई आहे. त्या पेल्यातून मीही पाणी प्यालेय. यातला शब्द न् शब्द खरा आहे. एका ठिकाणी फक्त स्वल्पविराम हवा."

मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "कुठे, मिस?"

आम्ही स्वल्पविराम घातला. तास पूर्ण केला.

त्याच संध्याकाळी वहिनींनी आईला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. हिनकलला आमच्या खोलीत आई भिंतीला टेकून बसली होती.

"सुम्ने, गप बसायचं होतं की ग," ती म्हणाली. "तुला कोण विचारलं? मी काय तक्रार केलते?"

"नाही केलीस."

"मग कुणासाठी केलीस हे?"

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. जेवायला वाढते आणि तोंड फिरवते. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या घरात पंधरा वर्षं तिनं काढली, मी नाही.

इथून सुटायला वाट दिसत नाही. इथल्या शाळा एकमेकींना ओळखतात. मी गेले तर दुसरीकडे कोण घेईल? राहिले तर रोज तेच ऑफिस, तीच नजर.

तीन दिवस झाले, प्रिन्सिपल माझ्यापुढे राजीनामा ठेवतात. टाईप करून आणलेला. 'वैयक्तिक कारणास्तव नोकरी सोडत आहे.' खाली फक्त माझी सही बाकी.

आज मी तो कागद त्यांच्याकडे परत सरकवला.

"सर, माझं वैयक्तिक कारण काहीच नाही. मला काढायचं तर काढा. का काढलं ते लिहा आणि खाली तुम्ही सही करा."

त्यांनी पेन उचललं नाही. उचलतील तेव्हा उचलतील. तोवर मी रोज नऊ वाजता आठवीच्या वर्गात जाणार आहे. त्या खोट्या वाक्याखाली माझं नाव येणार नाही.