झाडांना शिव्या देणारे काका

चितेगावजवळच्या माळावर आमच्या कॉलेजनं कडुलिंब आणि हिवर लावले आहेत. रविवारी मी तिथं पाणी घालायला जातो, तेव्हा राखणदारकाका माझ्या आधीच बादली घेऊन फिरत असतात. प्रत्येक रोपाला पाणी घालताना ते त्याला शिवी देतात. "पी, मुडद्या! मोठा हो अन् मला घरी बसव." झाडं तगली की राखणदाराची गरज संपणार, हे त्यांना कामावर घेतानाच सांगितलेलं आहे.

पाहणीला संस्थेचे साहेब येणार होते, तेव्हा काकांनी मला बजावलं, "तू गप बसायचं. मी सांगतो, रोपं लई नाजूक हायेत, अजून सालभर राखावं लागंल." मला खोटं बोलणं पटत नव्हतं, आणि काकांची नोकरी जाणंही पटत नव्हतं. मी नुसती मान हलवली.

साहेब एका हिवराकडे बघून सहज म्हणाले, "हे काही जगत नाही."

काका भडकले. "जगत नाय? हात लावून बघा! उन्हाळा काढलाय त्यानं!" मग त्यांनी साहेबांना अख्खा माळ फिरवून एकेक झाड दाखवलं. साहेब खूश झाले. "वा! मग आता राखणदार कशाला?"

पुढच्या रविवारी काका कुंपणाबाहेर होते, स्वतःच्या दोन शेळ्या घेऊन. एका शेळीनं तारेतून त्याच हिवराकडे मान घातली. काकांनी तिला ढेकूळ मारलं आणि माझ्यावर ओरडले, "बघतो काय? बादली उचल!"